पाटीशिवाय नंबर नाही

शिरूरमध्ये कुणाला जीएसटीचा नंबर काढायचा असला, की लोक सांगायचे, "पेंटरकडं जा." नवख्या माणसाला वाटायचं, हा आपली चेष्टा करतोय. मलाही वाटलं होतं. मी तर विचारलंसुद्धा, "अहो, मला घर रंगवायचं नाहीये, कराचं काम आहे." सांगणारा झेरॉक्सवाला होता. त्यानं मान वर न करता उत्तर दिलं, "त्योच त्यो. स्टँडच्या मागं, खताच्या दुकानाशेजारी. रंगाचा वास आला की थांबा."

वास आला, मी थांबले. एकच खोली. एका भिंतीला फायलींचे गठ्ठे, दुसऱ्या भिंतीला ऑइलपेंटचे डबे, आणि मध्ये टेबलावर एक जुना लॅपटॉप, ज्याच्या निम्म्या बटणांवर पिवळ्या रंगाचे ठसे उमटलेले. खुर्चीत बसलेला माणूस साठीच्या पुढचा, किडकिडीत, पांढरा शर्ट, पण बाह्यांवर रंगाचे इतके शिंतोडे की तो शर्ट मुळात छापील असावा असं वाटे. पुढे सहा-सात वर्षं माझं त्यांच्याकडे जाणं-येणं होतं. तेवढ्या काळात शिंतोडे नसलेला शर्ट मी त्यांच्या अंगावर पाहिला नाही. लग्नाकार्यालासुद्धा नाही.

मूळचे ते दौंडचे. वडील रेल्वेत होते. पोरगा शाळेपेक्षा बाजारात जास्त, दुकानांच्या पाट्या रंगवत फिरायचा. तेव्हा विक्रीकराचे नंबर असायचे. एका दुकानदारानं सांगितलं, हा नंबर कोपऱ्यात बारीक अक्षरात टाक. यांनी विचारलं, बारीक का? त्याला सांगता येईना. दुसऱ्या दुकानदाराला विचारलं, त्यालाही येईना. "त्या एका प्रश्नापायी मी बी.कॉम. झालो," असं ते सांगायचे. खरं-खोटं देव जाणे. पुढे विक्रीकर जाऊन व्हॅट आला, व्हॅट जाऊन जीएसटी आला. यांनी प्रत्येक कायदा पाठ केला आणि ब्रश काही सोडला नाही.

त्यांचा एक नियमच होता. ज्याचा नंबर काढून देणार, त्याच्या दुकानाची पाटी स्वतः रंगवणार, आणि नंबर दुकानाच्या नावाएवढ्याच ठळक अक्षरात टाकणार. पंधरा अक्षरं. पैसे घ्यायचे नाहीत. नंबर पाटीवर लावायचा हा कायद्यातलाच नियम, पण तो इतक्या भक्तीनं पाळणारा माणूस साऱ्या तालुक्यात हा एकटाच. कुणी म्हणालं, पेंटर, फ्लेक्स लावतो की, तासाभरात मिळतो, तर ते म्हणायचे, "फ्लेक्स गपचिप काढून घडी घालता येतो. रंगवलेला नंबर खरवडायला लागतो. खरवडनारा मानूस चार लोकांना दिसतो." 

समोर बसलेल्या माणसाला ते किती विकता, किती सुटतात असं कधी विचारायचे नाहीत. पहिला प्रश्न ठरलेला: "माल निगतो कुठून आन् जातो कुठं?" माणूस आकड्यांकडे वळला की हात वर करायचे. "किती ते नंतर. आधी कुठून, कुठं." कारण सगळी मेख तिथेच आहे, असं त्यांचं म्हणणं. माल राज्यातल्या राज्यात राहिला तर कराचे दोन भाग, एक राज्याचा, एक केंद्राचा. राज्याबाहेर गेला तर एकच मोठा कर, तो वेगळ्या खात्यात. खातं चुकलं की बरोबर खात्यात पुन्हा भरा, आणि चुकीच्या खात्यातला परत मागत बसा.

हे ज्याला सगळ्यात महागात पडलं, तो शिरूरचा विहिरीवरच्या मोटारी-पाइप विकणारा एक दुकानदार. घोडनदीवरचा पूल ओलांडला की आमच्याकडे नगर जिल्हा लागतो. या गृहस्थानं कुठूनतरी ऐकलं होतं की बाहेर माल गेला तर वेगळा कर लागतो. त्यानं पुलापलीकडे गेलेल्या प्रत्येक मोटारीवर परराज्याचा कर लावला आणि इमानदारीनं भरलाही. वर्षभर. पेंटरांनी त्याला विचारलं, असं का केलं? तो म्हणाला, "पलीकडं गाड्यांचा नंबर बदलतो की, साहेब. आपलं बारा आन् चौदा. त्यांचं सोळा."

पेंटर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्याला घेऊन पुलावर गेले आणि भर उन्हात तासभर उभं केलं. येणाऱ्या प्रत्येक गाडीची नंबरप्लेट मोठ्यानं वाचायला लावली, पण फक्त पहिली दोन अक्षरं. तो बिचारा एमएच, एमएच म्हणत उभा. येणारे-जाणारे विचारत होते की शेठना काही झालंय का. शेवटी कर्नाटकातला एक ट्रक आला आणि तो चाचरला, तेव्हा पेंटर म्हणाले, "ह्यो बाहेरचा. चला आता चहा पिऊ." मग त्याच्या कराची खाती सरळ करून, चुकीचा भरलेला परत मिळेपर्यंत त्यांनी चपला झिजवल्या. तो मोटारीवाला अजून ती गोष्ट सांगतो, आणि सांगताना उन्हाचं वर्णन जास्त करतो.

सगळ्यांनीच असं ऐकून घेतलं असं मात्र नाही. शिक्रापूरला हायवेलगत एक किराणावाला होता. त्यानं छोट्या व्यापाऱ्यांची सोपी योजना घेतली होती. त्यात दुकानदार आपल्या खिशातून थोडा कर भरतो, पण गिऱ्हाइकाकडून कर घेऊ शकत नाही. हा पठ्ठ्या मात्र कारखान्यातल्या परप्रांतीय पोरांकडून बिनधास्त 'जीएसटी' म्हणून वर घ्यायचा. पेंटरांना कळलं. ते एका रविवारी डबे घेऊन गेले. "पाटीला जरा हात मारतो," म्हणाले. शेठ खूश झाला आणि आत झोपला. उठून बघतो तर शटरच्या वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मराठीत आणि खाली हिंदीत रंगवलेलं: या दुकानात गिऱ्हाइकाकडून कर घेतला जात नाही. खाली पोरं जमली होती, वाचत होती, आणि एकजण मागच्या महिन्याची बिलं घेऊन आला होता.

त्या शेठनं दुसरा सल्लागार धरला. ते अशील गेलं याचं पेंटरांना वाईट वाटलं का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "हिंदीत एक मात्रा चुकली, तेवढंच वाईट वाटतं."

असा हा माणूस. आणि अशा माणसासमोर मी जाऊन बसले, तेव्हा माझ्याकडे दुकानच नव्हतं.

मी न्हावऱ्याची सून. आमचे हे रांजणगावला कंपनीत. घरात शिलाई मशीन होतं, आणि आमच्या भागात बैलगाड्याच्या शर्यतींचं वेड. मी बैलांचा साज शिवायला लागले. झुली, गोंडे, कपाळावरच्या आरसेवाल्या पट्ट्या. आधी गावात, मग एका जावेनं मोबाईलवरच्या विक्रीच्या ॲपवर फोटो टाकायला शिकवलं, आणि बेळगाव-विजापूरकडून मागण्या यायला लागल्या. मला वाटलं, झालं, आपण जिंकलो. मग त्या ॲपचा निरोप आला: करनोंदणीचा नंबर द्या, नाहीतर महिनाअखेरीस खातं बंद. दुकानात बसून विकणाऱ्याला ठरावीक उलाढालीपर्यंत सूट असते. परराज्यात ॲपवरून माल पाठवणाऱ्याला, उलाढाल केवढीशी का असेना, नंबर लागतोच. मला यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की पोळा दोन महिन्यांवर आलाय आणि माझ्या हातचं हे एकमेव काम बंद पडणार आहे. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझं म्हणून चाललं होतं. ते गेलं असतं तर मी पुन्हा मशीनला हात लावला नसता, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"माल निगतो कुठून?" पेंटरांनी विचारलं.

"मोबाईलवरून."

"मोबाईलमदून झूल निगत न्हाई, ताई. झूल ठिवता कुठं?"

"घरी. गोठ्याशेजारच्या पडवीत."

"मंग ती पडवी तुमचं दुकान. घर कुनाच्या नावावर?"

इथेच घोडं अडलं. घर सासऱ्यांच्या म्हणजे आबांच्या ताब्यात, पण विजेचं बिल अजून आबांच्या वडिलांच्या नावानं येत होतं, आणि ते जाऊन तीस-एक वर्षं झालेली. ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर आबांचं नाव होतं, हे नशीब. पण आबांचं संमतीपत्र हवं होतं, की माझ्या जागेत सून धंदा करते, माझी हरकत नाही. आणि आबांची हरकत होती.

"सरकारच्या कागदावर घर गेलं की घर सरकारचं झालं," आबा म्हणाले. "उद्या हिचा कर थकला तर टाच घरावर येनार. म्या सही करनार न्हाई." आमच्या ह्यांनी समजावलं, दिरांनी समजावलं. मी तर चार दिवस अबोला धरला, ज्याचा आबांवर काडीचा परिणाम झाला नाही, कारण मी तशीही त्यांच्याशी फारशी बोलत नव्हते. अकरा वर्षांच्या संसारात ते मला 'सूनबाई' किंवा 'ए, ऐकलं का' यापलीकडे हाक मारत नव्हते. वाईट माणूस नव्हता. नाव घ्यायची रीत नव्हती, इतकंच.

मी रडवेली होऊन पेंटरांकडे गेले. ते म्हणाले, "तुमाला समजवायची गरज न्हाई, तुमाला नंबर पायजेच हाय. ज्याला नको, त्याला समजवायचं." आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते न्हावऱ्यात उतरले.

दिवसभर ते ओसरीवर आबांच्या शेजारी बसले. घराचा विषय काढला नाही. बैलांविषयी बोलले, कांद्याविषयी बोलले. दुपारी आबांनीच विचारलं की हा कर म्हणजे असतं तरी काय. पेंटर म्हणाले, "आबा, गाड्याला बैल किती?" "दोन." "राज्यातल्या राज्यात माल गेला की दोन बैल. एक राज्याचा, एक दिल्लीचा, वजन निम्मं निम्मं. राज्याबाहेर गेला की एकच बैल, पन दोघांचं वजन त्यो एकटाच वढतो. सूनबाईचा माल बेळगावला जातो, म्हंजी एकच बैल. आन् वजन गिऱ्हाइकाचं हाय, सूनबाईचं न्हाई. ती निस्ती कासरा धरती."

आबांनी बराच वेळ तंबाखू मळली. मग विचारलं, "कासरा सुटला तर?"

"तर दंड तिला व्हईल. तुमच्या घराला न्हाई. तुमी जागा वापराया दिली, धंद्याला जामीन ऱ्हायला न्हाई." पेंटरांनी संमतीपत्राचा कागद काढून एकेक ओळ वाचून दाखवली. खोटा शब्द एक नाही, गोड बोलणं नाही. संध्याकाळच्या एसटीच्या आधी आबांनी सही केली. त्यांना सहीपुरतंच लिहिता येत होतं, आणि त्या सहीला त्यांना दोन मिनिटं लागली.

अर्ज गेला. पण माझ्या आधारवर माहेरचं नाव आणि पॅनवर सासरचं. पडताळणी अडकली आणि निरोप आला की करखात्याचे साहेब स्वतः जागा बघायला येतील, आठवड्याभरात कधीही. पेंटर म्हणाले, पाटी लावू. वर तुमचं नाव, खाली धंद्याचं, आणि त्याखाली पंधरा अक्षरांची जागा मोकळी. साहेबांना लांबून दिसलं पाहिजे की इथं एक बाई धंदा करते.

आणि मग पेंटरच येईनात. सोमवारी म्हणाले, रंग संपलाय. मंगळवारी, ब्रश चांगला मिळत नाही. बुधवारी फोनच उचलला नाही. मी म्हटलं, काका, फ्लेक्स लावते. तर फोनवर इतके चिडले की मी मोबाईल कानापासून लांब धरला. गुरुवारी मी शिरूरला जाऊन त्यांना तोंडावर बोलले. मी म्हणाले, त्या मोटारीवाल्याला तुम्ही पुलावर जाऊन वेळ देता, त्या किराणावाल्याची पाटी सुट्टीच्या दिवशी रंगवता, आणि माझं खातं बंद व्हायची वेळ आली तरी तुम्हाला रंग मिळत नाही. बाईचा धंदा म्हणून, की मोबाईलवरचा धंदा म्हणून? मला अजून त्या बोलण्याची लाज वाटते.  टेबलावरचे दोन्ही हात त्यांनी खाली मांडीवर घेतले, एवढंच.

शुक्रवारी दुपारी ते आले. पत्र्याची पाटी आणली होती, पिवळा रंग आधीच मारून. ती त्यांनी पडवीच्या दारावर ठोकून घेतली, तीही आबांकडून. खडू लावलेली दोरी ताणून रेघा मारल्या, त्या जरा वाकड्या आल्या. मग मला म्हणाले, "पोरी, आत जा. चहा टाक." ताईवरून पोरीवर आलेले पहिल्यांदाच.

मी आत गेले. स्वयंपाकघराची खिडकी पडवीकडेच उघडते. पेंटरांनी ब्रश काळ्या रंगात बुडवला, वर उचलला, आणि त्यांचा हात हलायला लागला. थोडाथोडका नाही. ब्रशवरचे थेंब पायरीवर, चपलेवर, शर्टावर पडत होते. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. डावा हातही हलत होता. ब्रश खाली घेतला, पुन्हा उचलला. असं तीनदा झालं. तेव्हा मला कळलं की हा माणूस आठवडाभर रंग का शोधत होता. मला त्या खिडकीतून त्यांची माफी मागावीशी वाटली.

आबा बाजेवर बसून सगळं बघत होते. ते उठले.

"कवापासनं हाय?"

"झालं वरीस."

"पोरांना ठावं हाय?"

"कुनालाच न्हाई." मग पेंटर म्हणाले, "नंबराचं काम बोटानं व्हतं. ह्ये व्हत न्हाई."

आबांनी हात धोतराला पुसले. उभ्या आयुष्यात त्या हातांनी नाठाळ खोंडं वठणीवर आणली होती. त्यांनी मागून पेंटरांचं मनगट धरलं.

"दाबू नका," पेंटर म्हणाले. "निस्तं आवळून धरा. मी नेतो तिकडं येऊ द्या."

"चला. कंचं अक्षर?"

पेंटरांनी माझ्या नावाचं पहिलं अक्षर उच्चारलं. आबांनीही उच्चारलं. मग दोघांनी ते काढलं. मग दुसरं. प्रत्येक अक्षराच्या आधी आबा विचारायचे, पेंटर सांगायचे, आबा पुन्हा म्हणायचे, आणि दोन म्हातारे श्वास रोखून एक काना ओढायचे. मध्येच आबा म्हणाले, "ह्ये जरा जाड झालं." पेंटर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. लांबून दिसंल." माझं नाव पुरं व्हायला अर्धा तास लागला. चहा उतू जाऊन गॅस विझला होता, मी नुसतं बटण बंद केलं.

ती त्यांची शेवटची पाटी. त्यानंतर त्यांनी सगळ्यांना फ्लेक्स लावायला परवानगी दिली, आणि लोकांना वाटलं, म्हातारा सुधारला. दोन वर्षांपूर्वी ते दौंडला बहिणीकडे गेले आणि तिथेच वारले. आता माझं काम पुण्यातले एक सल्लागार बघतात. हुशार आहेत, व्हॉट्सॲपवर सगळं होतं, तारीख चुकत नाही. त्यांनी माझं घर पाहिलेलं नाही, आणि माल कुठून निघतो हे मला अजून एकदाही विचारलेलं नाही. मला पेंटरांची फार आठवण येते. पंधरा अक्षरांचा नंबर माझ्या प्रत्येक बिलावर छापलेला असतो, तरी तो वाचताना मला रंगाचा वास येतो.

पाटी रंगवली त्याच्या दुसऱ्याच दिवशी साहेब आले होते. तरुण होते, घाईत होते. पडवी बघितली, मशीन बघितलं, टांगलेल्या झुली मोजल्या. पेंटर माझ्या वतीनं कागद काखेत धरून उभे होते, हात पाठीमागे बांधून. साहेबांनी दाराचा फोटो काढला, मग मोबाईल खाली घेऊन पाटीकडे जरा निरखून बघितलं. अक्षरं कुठं जाड, कुठं बारीक, आणि रंग अजून ओला.

"ही पाटी कुणी रंगवली?" त्यांनी विचारलं.

मी पेंटरांकडे बघितलं. त्यांची मान खाली होती.

"आमी दोघांनी," आबा म्हणाले. आणि मग साहेबांना माझं पूर्ण नाव वाचून दाखवलं.